प्रतिमा-लेबलिंगच्या साधनात अनडू-रीडू: कमांड की स्नॅपशॉट?

प्रतिमांवर चौकटी, पॉलिगॉन (बहुभुज) आणि मास्क (पिक्सेल रंगवून दाखवलेला भाग) काढून लेबल लावण्याचे साधन लिहायला घेतले, की अनडू (केलेली कृती मागे घेणे) आणि रीडू (मागे घेतलेली पुन्हा करणे) यांचा विषय बहुधा उशिरा निघतो आणि तोवर निम्मा कोड मूळ माहितीत थेट बदल करू लागलेला असतो. मुख्य मार्ग दोन आहेत. एकात प्रत्येक कृतीची कमांड तयार होते आणि ती कृती करणे व उलटवणे अशा दोन्ही गोष्टी त्या कमांडला ठाऊक असतात. दुसऱ्यात प्रत्येक कृतीनंतर सगळ्या आकृत्यांची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, बाजूला काढून ठेवतात. निवड करताना आधी मेमरीची काळजी केली जाते, पण चौकटी आणि पॉलिगॉन यांच्यापुरती ती फारशी खरी नाही.

हिशेब करून पाहावा. एका प्रतिमेवर ३०० पॉलिगॉन आणि प्रत्येकात १०० बिंदू आहेत असे धरले, तर प्रत्येक बिंदूचे दोन निर्देशक ८-८ बाइटचे मोजून एक स्नॅपशॉट ४.८ लाख बाइटचा होतो. असे ५० ठेवले तरी आकडा २४ एमबीच्या पुढे जात नाही. पायथनमध्ये प्रत्येक बिंदू स्वतंत्र ऑब्जेक्ट असला तर हा आकडा कित्येक पटींनी फुगतो, हे खरे. तरीही पायथन आणि क्यूटी (खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) यांवर लिहिलेले 'लेबलमी' हे परिचित साधन याच वाटेने जाते आणि प्रतींची यादी शेवटच्या १०च्या आसपास छाटत राहते.

स्नॅपशॉटचा खरा फायदा असा, की नवी सोय जोडताना तिची उलटी कृती वेगळी लिहावी लागत नाही, आणि एखादा बदल नोंदवायचा राहून गेला तरी तो पुढच्या प्रतीत आपोआप येतो. सापळे दोनच आहेत. प्रत उथळ काढली, तर बिंदूंची आतली यादी जुन्या आणि नव्या प्रतीत एकच राहते आणि एक कोपरा ओढताच इतिहासही बदलतो. शिवाय अनडूनंतर पडद्यावरचे ऑब्जेक्ट नवे असल्यामुळे, निवडलेली आकृती संदर्भाने, म्हणजे थेट त्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवून, लक्षात ठेवली असेल तर निवड नाहीशी होते. ती आयडीने ठेवावी.

कमांडच्या मार्गात शिस्त जास्त लागते. क्यूटीतील क्यूअनडूस्टॅक हा कमांडची रास (स्टॅक) सांभाळणारा वर्ग तयार मिळतो, पण त्याची एक खोड आधीच माहीत असलेली बरी: कमांड स्टॅकवर ढकलताच तिचे रीडू लगेच चालते. चौकट माउसने ओढून झाल्यावर 'उजवीकडे २० पिक्सेल' अशी कमांड ढकलली, तर चौकट आणखी २० पिक्सेल सरकते. त्यामुळे कमांडमध्ये सरकण्याचे अंतर न ठेवता जुनी आणि नवी जागा या दोन्ही ठेवाव्यात. प्रतिमेच्या कडेशी आकृती छाटली जात असेल तर हे अधिकच गरजेचे ठरते, कारण छाटलेला भाग वजाबाकीने परत येत नाही. खोडलेली आकृती परत आणताना तिचा आयडी आणि थरांतील क्रमही तोच असावा लागतो. आयडी बदलला तर रीडूच्या बाजूला थांबलेल्या कमांडना आपली आकृतीच सापडत नाही. स्टॅकला वगळून कोठेतरी एक जरी बदल झाला, तरी त्याच्या अलीकडची-पलीकडची साखळी बिघडते, आणि ते कळते तेव्हा कारण शोधणे जिकिरीचे झालेले असते.

मास्क आला की मात्र पारडे फिरते. ४००० × ३००० पिक्सेलच्या प्रतिमेचा, पिक्सेलमागे एक बाइट घेणारा मास्क १२ एमबीचा असतो. त्याच्या ५० प्रती म्हणजे ६०० एमबी. येथे मास्कचे २५६ × २५६चे तुकडे पाडून, ब्रशचा फटकारा ज्या तुकड्यांवरून गेला तेवढ्यांचीच आधीची आणि नंतरची स्थिती कमांडमध्ये ठेवावी. फटकारा सहा तुकड्यांना लागला तर दोन्ही बाजू मिळून ७६८ केबी लागतात, आणि कॉम्प्रेस करून ठेवल्यास त्याहून कितीतरी कमी, कारण मास्कमध्ये एकच मूल्य लांबवर पसरलेले असते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनासाठी मधला मार्ग मला सर्वांत पसंत आहे. स्थिती अपरिवर्तनीय ठेवली, म्हणजे जुनीत बदल न करता दर वेळी नवी बनवली, की एक पॉलिगॉन बदलल्यावर तेवढाच नव्याने बनतो आणि उरलेले २९९ जुन्या-नव्या स्थितीत सामाईक राहतात. जावास्क्रिप्टमधील इमर ही लायब्ररी तर बदलासोबत त्याचा उलटा पॅचही, म्हणजे तो बदल मागे घेणारी नोंदही, काढून देते. केवळ चौकटी-पॉलिगॉनचे छोटे डेस्कटॉप साधन असेल तर सरळ स्नॅपशॉट घ्यावेत, आणि ब्रश असेल तर निदान मास्कपुरत्या कमांड लिहाव्यात.

मार्ग कोणताही घेतला तरी काही गोष्टी टळत नाहीत. माउस दाबल्यापासून सोडेपर्यंतची हालचाल ही एकच पायरी असावी. झूम इतिहासात येऊ नये. प्रत्येक प्रतिमेचा इतिहास वेगळा असावा, नाहीतर कंट्रोल-झेड दाबल्यावर न दिसणाऱ्या प्रतिमेतील आकृती गायब होते. फाइल जतन केली ती पायरी लक्षात ठेवावी, म्हणजे अनडू करत तेथे परतल्यावर 'बदल जतन करायचे का' असे उगाच विचारले जात नाही. चाचणीही दोन्हींना एकच पुरते: यादृच्छिक २०० कृती कराव्यात, सगळ्या अनडू कराव्यात, निघालेली जेसन फाइल (आकृत्या मजकूर-रूपात साठवणारी) मूळ फाइलशी ताडावी, आणि मग सगळ्या रीडू करून शेवटच्या स्थितीशीही तसेच करावे, मात्र त्या चाचणीपुरती इतिहासाची मर्यादा २००च्या वर ठेवावी.