सोलापुरात जिवंत शेवंड: रत्नागिरीच्या एका पुरवठा सेवेचा दीड वर्षाचा अनुभव

होटगी रस्त्यावरील आमच्या रेस्टॉरंटसाठी गेले दीड वर्ष आम्ही रत्नागिरीच्या एका पुरवठादाराकडून जिवंत शेवंड, म्हणजेच लॉबस्टर, मागवत आहोत. मटण आणि कडक भाकरीच्या या शहरात मासे म्हटले की अनेक वर्षे उजनीची चिलापी आणि मरळ एवढीच ओळख होती. पुढे समुद्राची मासळी येऊ लागली, तीही बर्फातली सुरमई आणि पापलेट. त्यामुळे मेनूकार्डावर शेवंड घालताना आम्ही खूप कचरलो होतो. शहरातील इतर हॉटेलचालक या सेवेची चौकशी करतात, म्हणून तिचे बरेवाईट सविस्तर लिहीत आहे.

मागणी दोन दिवस आधी नोंदवावी लागते. माल रात्री निघतो आणि कोल्हापूर, सांगलीमार्गे पहाटे सोलापुरात पोहोचतो. थर्माकोलच्या खोक्यात ओल्या गोणपाटाचे थर असतात, त्यांच्यामध्ये एकेक शेवंड निजवलेली असते आणि कडेला गोठवलेल्या पाण्याच्या घट्ट बुचाच्या बाटल्या असतात. सुटा बर्फ ते कधीच घालत नाहीत, कारण त्याचे वितळलेले गोडे पाणी अंगाला लागले की शेवंड मरते. मात्र गारव्यात आणि ओलाव्यात ती पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. खोका उघडल्यावर आमचे आचारी प्रत्येक नग पाठीवर धरून उचलतात. जिवंत शेवंड शेपूट पोटाकडे आपटत राहते आणि मरगळलेलीची शेपूट सरळ लोंबते. हे पाहणे अत्यंत गरजेचे आहे, कारण शेवंड मेल्यानंतर तिचे मांस फार लवकर सैल पडते आणि कितीही मसाला लावला तरी जिभेवर पिठूळ लागते. दीड वर्षात मोजके प्रसंग वगळता खोक्यातले सर्व नग हातात फडफडले, ही या सेवेची पहिली जमेची बाजू आहे.

दुसरी बाजू मला त्याहून महत्त्वाची वाटते. याआधी आम्ही दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून माल घेत होतो. त्याचा भाव कमी होता आणि नग लहान, दीडशे ते दोनशे ग्रॅमचे असत. एका खोक्यातील मादीच्या शेपटीखाली, पाकळ्यांसारख्या पायांच्या केसाळ कडांना, नारिंगी दाण्यांचे तुटके पुंजके चिकटलेले आमच्या आचाऱ्यांना दिसले. शेवंडीची मादी अंडी पोटाखाली बाहेरच्या बाजूला हजारोंच्या संख्येने चिकटवून वागवते, आणि या मादीची अंडी घासून काढून तिला साधा माल म्हणून पाठवले होते. मी व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘शेठ, सोलापुरात कोण बघतंय?’ त्या दिवसापासून आम्ही त्याच्याकडील खरेदी बंद केली.

त्याच्या उत्तरामागे एक खरी आणि त्रासदायक गोष्ट आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजन ठरवून दिले. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः मिळणाऱ्या काटेरी शेवंडीसाठी ते ३०० ग्रॅम आणि चपट्या शेवंडीसाठी १५० ग्रॅम आहे. हा नियम निर्यातीचा असल्यामुळे परदेशी जाऊ न शकणारा कोवळा माल देशातल्या हॉटेलांकडे वळतो, आणि आपल्यासारखी समुद्रापासून दूरची शहरे त्याचे सोयीचे गिऱ्हाईक ठरतात. मुंबईच्या समुद्रातील चपटी शेवंड १९८० च्या दशकात ट्रॉलरना, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकांना, शेकडो टनांनी मिळत होती आणि १९९४ पर्यंत ती मासेमारी पार कोलमडली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दीडशे ग्रॅमची काटेरी शेवंड ताटात वाढताना स्वस्थ वाटणार नाही. शेवंडीची पानासारखी चपटी, पारदर्शक पिल्ले कित्येक महिने समुद्रात तरंगत राहतात, त्यामुळे कोळंबीप्रमाणे अंड्यापासून तळ्यात वाढवून तिची भरपाई करणे आपल्याकडे शक्य झालेले नाही. आपण जे विकतो ते सगळे समुद्रातूनच येते.

रत्नागिरीचे हे पुरवठादार ३०० ग्रॅमखालील नग आणि अंडीवाली मादी पाठवत नाहीत. हे मी त्यांच्या शब्दावर नव्हे, आमच्या वजनकाट्यावर सांगत आहे: आलेला प्रत्येक नग आम्ही तोलतो आणि वहीत लिहितो, आणि आजवर दोनच नग कमी भरले, तेही २९० ग्रॅमच्या आसपासचे. याहून मोलाचे म्हणजे माल नसेल तेव्हा ते सरळ नाही म्हणतात. गेल्या डिसेंबरात एका लग्नाच्या मेजवानीसाठी आम्ही चाळीस नग मागितले होते. ‘दादा, पंधरा मिळतील, पुढचं कबूल करत नाही,’ असे त्यांनी त्याच दिवशी कळवले. आम्हाला यजमानांची नाराजी पत्करावी लागली, पण मेजवानीच्या आदल्या रात्री लहान नगांनी भरलेला खोका दारात आला नाही.

पुरवठ्याची अनिश्चितता मात्र गृहीतच धरावी लागते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते आणि हे पुरवठादार त्या दोन महिन्यांत जिवंत शेवंडीची मागणीच घेत नाहीत. म्हणून आम्ही शेवंड छापील मेनूकार्डावरून काढून दारातल्या फळ्यावर आणली आहे. ज्या दिवशी आहे त्या दिवशी लिहायची आणि संपली की पुसायची. चारशे ग्रॅमच्या नगातून आमच्याकडे जेमतेम एकशे तीस-चाळीस ग्रॅम मांस निघते, त्यामुळे ताटाचा भाव ग्राहकाला समजावून सांगावा लागतो. काही ग्राहक चित्रपटात पाहिलेल्या मोठ्या नांग्या मागतात. तो अमेरिकेतील वेगळा प्राणी आहे, आपल्या शेवंडीला तशा नांग्या नसतात. तिकडेही सापळ्यांच्या दोरांत दुर्मिळ देवमासे अडकण्याच्या धोक्याच्या कारणावरून मेन राज्याच्या आखातातील लॉबस्टरचे शाश्वततेचे प्रमाणपत्र २०२२ मध्ये स्थगित झाले, हे मी ग्राहकांना आवर्जून सांगतो.

आता तक्रारी सांगतो. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर असताना गाडी वाटेत बंद पडली आणि खोका दुपारी अडीचला आमच्याकडे आला. बारापैकी सात शेवंडी मेलेल्या होत्या. पुरवठादारांनी अर्धीच रक्कम वळती केली, आणि तीही दोन आठवड्यांच्या पाठपुराव्यानंतर. मेलेल्या नगांची जबाबदारी कोणत्या वेळेपर्यंत कोणाची, हे त्यांनी लेखी ठरवून द्यायला हवे. अजूनही ते तोंडीच चालते. दुसरी तक्रार मला जास्त खटकते. त्यांच्या बिलावर फक्त ‘शेवंड, नग, वजन’ एवढेच असते. ती कोणत्या बंदरावर उतरली आणि कोणत्या जाळ्यात आली, हे विचारले तर ते फोनवर सांगतात, पण कागदावर लिहीत नाहीत. जो माणूस अंडीवाली मादी बाजूला काढण्याइतका प्रामाणिक आहे त्याने दोन ओळी जास्त लिहायला अडचण नसावी, आणि त्या ओळी असल्या तर आम्ही त्या फळ्यावर ग्राहकांसमोर लिहू शकू. थर्माकोलचे खोके परत नेण्याची सोयही त्यांनी केलेली नाही. आमच्या मागच्या अंगणात सध्या वीसेक खोके रचलेले आहेत.

भाव आधीच्या व्यापाऱ्यापेक्षा चांगलाच चढा आहे. तरीही ज्यांच्या हॉटेलात आठवड्याला सहा-आठ नग खपतात आणि जे नसलेल्या दिवशी ग्राहकाला नाही म्हणू शकतात, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. रोज हमखास माल हवा असलेल्यांच्या ती उपयोगाची नाही. बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या खोक्यासाठी आम्ही आठ नगांची मागणी आताच नोंदवली आहे, आणि त्यासोबत बंदराचे नाव बिलावर लिहून पाठवावे, अशी विनंती या वेळी लेखी केली आहे.