कॉलेजचं कलाभवन: चित्रांना उत्तम, तालमीला सतरंज्या सोबत न्या

खान्देशातल्या एका कॉलेजच्या आवारातलं साठच्या दशकातलं हे कलाभवन बाहेरच्यांनाही प्रदर्शनाला, तालमीला भाड्याने मिळतं. उघडं काँक्रीट, खिडक्यांपुढे उभ्या पाकळ्या, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पट्ट्या, पश्चिमेला जाळी. वळण वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांचं. चंदीगडला आणि १९६३ साली उघडलेल्या अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या कारपेंटर सेंटरमध्ये त्यांनी ऊन भिंतीच्या बाहेरच अडवलं. इथेही तेच केलंय, आणि आपल्या उन्हाळ्यात ते पटतं.

चित्रकारांनी वरचा उत्तरेकडचा स्टुडिओच मागावा. उजेड दिवसभर एकसारखा. जळगाव-भुसावळ पट्टा २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. चंदीगडला असं कधीच होत नाही. इथे खिडकीवर आडवा छज्जा काढलाय म्हणून ते ऊन आत येत नाही. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पाकळ्या अडवतात. बांधणाऱ्याला गाव कळलं होतं! मे महिन्यात जलरंगाचं काम मात्र सकाळीच उरका, दुपारी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरायच्या आत वाळतो.

तळमजल्याचा तालमीचा हॉल घुमतो. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींत आवाज आपटत राहतो. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगल्या की संवाद सुटे ऐकू येतात. एकच भिंत झाकली तरी भागतं.

जीव तुटतो तो पश्चिमेची बाजू बघून. तिथल्या वर्गांत जाळीला आतून प्लायवूड ठोकून विंडो एसी बसवलेत. वारा बंद झाला आणि एसीचं पाणी वर्षानुवर्षं जाळीवरून ओघळतंय. खालच्या कडेला काँक्रीटचे पोपडे सुटून सळया उघड्या पडल्यात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कलीपणा घटतो, सळईचं संरक्षण जातं, ओल मिळाली की ती गंजते. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि वरचा थर फोडतो. यावर नुसतं सिमेंट लिंपून ऑइल पेंट मारलाय, तोही फुगलाय. आधी एसीचं पाणी पाइपाने दूर न्यायला हवं. मग हातोडीने ठोकून जिथे पोकळ वाजेल तो भाग काढायचा, सळईच्या मागे २० मिमी मोकळं करायचं, गंज घासून झिंक प्रायमर लावायचा आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) थराथराने भरायचं. हे काम दिवाळीनंतरच काढावं. मे महिन्यात नव्या थरावर घातलेलं ओलं बारदान बघता बघता कोरडं पडतं, क्युअरिंग (ओल धरून पक्कं होणं) होत नाही आणि थर तडकतो.

जिन्याच्या भिंतीला अजून रंग लागलेला नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघा, लाकडाच्या गाठी, दोन फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेली सिमेंटची बारीक धार, सगळं जसंच्या तसं दिसतं. इथली जाळीही उघडी आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिच्यातून ऊन आलं की भिंतीवरून बोट फिरवून बघा. प्रदर्शनवाल्यांनी इथे खिळा ठोकू नये, चित्रं टांगायला वर तुळईला हूक आहेत.