बिबट्या फोमचा करावा की व्हीएफएक्सचा?

कमी बजेटच्या भयपटात खरा बिबट्या आणायचा विषयच नाही. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्याकडून काम करून घेण्यावर १९९८च्या केंद्रीय अधिसूचनेनं बंदी आहे. मग एक तर हातानं चालवायचं फोमचं मुंडकं, नाही तर व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर बनवलेला बिबट्या.

धावणारा, झाडावर चढणारा अख्खा बिबट्या हवा असेल तर व्हीएफएक्सच घ्या. फक्त पंजाखाली गवत दबलेलं दिसलं पाहिजे, नाही तर तो तरंगतो. खरी अडचण एडिटिंगला येते. चार सेकंदांच्या शॉटला ९६ फ्रेम लागतात आणि काम एडिट लॉक झाल्यावरच, म्हणजे कुठे कापायचं ते पक्कं झाल्यावरच सुरू होतं. पुढे साउंड बसवताना लक्षात येतं, की जनावर अर्धा सेकंद उशिरा वळलं असतं तर प्रेक्षक दचकला असता. त्या बारा फ्रेम बनवलेल्याच नसतात. दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेम जास्तीच्या मागून घेतल्या तरी कमीच पडतात. पुन्हा बिल, पुन्हा तारीख. मला तरी हे फार खुपतं, कारण भीती अशा दहा-बारा फ्रेमांवरच उभी असते.

मुंडक्याचे आठ टेक घ्या आणि कुठे कापायचं ते निवांत ठरवा. जबड्याला सायकलच्या ब्रेकची केबल चालते, पण तिला मोठा बाक द्या; काटकोनात वळवली की अडकते आणि तोंड अर्धवट उघडं राहतं. मिशांना मासेमारीची नायलॉन दोरी. डोळ्यांसाठी पारदर्शक अर्धगोल आणि त्यामागे रस्त्यावरच्या पाट्यांना असते तशी परावर्तक टेप. बारीक टॉर्च लेन्सला अगदी चिकटून लावा. वीतभर बाजूला गेली तरी डोळे विझतात. जुळलं की अंधारात दोन हिरवट ठिपके उठतात, आणि समोरच्या नटाला घाबरल्याचं सोंग करावं लागत नाही.

पाऊस मात्र फोमचा वैरी. जुलैत गोरेगावात शूट असेल तर उघडा फोम पाणी पिऊन जड होतो, चालवणाऱ्याचा खांदा भरून येतो. फरखाली लेटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे दोन हात द्याच. तिथल्याच आरेच्या जंगलात रात्री काम असेल तर जेवणाचा कचरा लगेच गाडीत भरा. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे खरा बिबट्या.

सगळी गोष्ट पाठलागाचीच असेल तर माझा आग्रह नाही. पण खिडकी, जिना, जीपखालची जागा एवढ्यात भीती मावत असेल, तर पैसे मुंडक्यावर घाला आणि व्हीएफएक्सचे दोनच लांबचे शॉट ठेवा, ज्यांची लांबी नंतर बदलावी लागणार नाही असे.