सीएनजी गाडी वर्षभर वापरल्यानंतर: पैसे वाचले, वेळ गेला

कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली छोटी गाडी घेऊन आम्हाला वर्ष उलटून गेलं. घेण्याआधी मी लोकांचे अनुभव शोधून शोधून वाचत होते, म्हणून माझाही सविस्तर लिहिते. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, माझं ऑफिस हडपसरला. नवले पूल, कात्रज, कोंढवा हा रोजचा रस्ता. नवरा स्कूटर स्वारगेटला लावून मेट्रोने शिवाजीनगरला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि त्याचा पेट्रोलचा खर्च निम्म्यावर आला. माझ्या वाटेवर मेट्रो नाही, आणि बस बदलत गेलं तर मुलीच्या पाळणाघराची वेळ गाठता येत नाही. गाडी लागणारच होती, ती कशावर चालवायची एवढंच ठरवायचं होतं.

आधी पैशांचं. जुनी पेट्रोल गाडी कात्रज-कोंढव्याच्या गर्दीत लिटरला जेमतेम पंधरा द्यायची. पेट्रोल शंभरीपार, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. ही गाडी त्याच रस्त्यावर किलोला पंचवीसच्या आसपास देते. जाहिरातीत तिशीपार आकडा असतो, तो शहरात धरू नका. गॅस नव्वद रुपये धरला तरी किलोमीटरला पावणेचारच्या आत बसतं. माझं महिन्याचं धावणं हजार किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे तीन हजारांहून थोडे जास्तच वाचतात. पण सीएनजी मॉडेलला पेट्रोलपेक्षा नव्वद-पंचाण्णव हजार जास्त मोजले आहेत. ते वसूल व्हायला साधारण अठ्ठावीस हजार किलोमीटर लागतील, म्हणजे सव्वादोन-अडीच वर्षं. तुमची गाडी फक्त रविवारी आणि लग्नकार्याला निघत असेल, तर कृपा करून सीएनजी घेऊ नका. हिशेब करून बघा, पाच-सहा वर्षं तरी तो जमत नाही.

आता रांग. शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहिते. सीएनजी टाकीत दोनशे बारच्या दाबाने भरतात. पंपावर गर्दी वाढली की तिथला दाब उतरतो. मग मीटर सावकाश सरकतो आणि टाकी पूर्ण न भरताच नळी काढतात. उन्हाळ्यात दुपारी तर गॅस तापून फुगतो, तेवढ्याच टाकीत कमी मावतो. काही पंपांना थेट पाइपलाइन आहे, काहींना सिलिंडर लादलेला ट्रक येऊन गॅस देतो. ट्रक अडकला की पंप बंद, आणि हे आपल्याला रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर कळतं. मी आता रात्री जेवणं उरकल्यावर भरायला जाते, पाइपलाइनच्या पंपावरच. एकटीच जाते, कारण भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरावं लागतं. सासूबाईंचे गुडघे आणि झोपलेली मुलगी, दोन्ही सांभाळून ते होत नाही.

रांगेत माझ्या पुढेमागे बहुतेक रिक्षा असतात. एकदा संध्याकाळी दाब नव्हता, तेव्हा शेजारचे रिक्षावाले काका म्हणाले, “ताई, तुमची गाडी उद्या भरली तरी चालेल. आमचा इथं गेलेला तास म्हणजे दोन भाडी गेली.” तेव्हापासून मी संध्याकाळच्या वेळी रांगेत जात नाही. ती त्यांच्या धंद्याची वेळ आहे.

गॅस कायम स्वस्तच राहील, या भरवशावरही राहू नका. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा पुण्यात भाव किलोला ६२ रुपये २० पैसे होता. त्याच ऑगस्टमध्ये तो ९१ वर गेला. देशातला गॅस पुरत नाही, उरलेला बाहेरून आणावा लागतो, आणि युक्रेनच्या युद्धाने तो भयंकर महागला होता. सप्टेंबरपासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं पंचवीस रुपये झालं ते त्यामुळेच. तेव्हा सगळी भाडेवाढ रिक्षावाल्यांच्या खिशात गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

चालवायला गाडी बरी आहे. सपाट रस्त्यावर फरक जाणवत नाही. कात्रजच्या जुन्या घाटात चौघं बसले की पिकअप पडतो, तेव्हा मी बटण दाबून पेट्रोलवर घेते. डिकी जवळजवळ नाहीच, गावाला जाताना बॅगा मांडीवर येतात. दोन छोट्या टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवणारी मॉडेलं टाटाने आणली आहेत, तुमचा प्रवास जास्त असेल तर ती आधी बघा. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते, तो खर्च आणि गाडी अडकण्याचा दिवस आत्ताच मनात धरा.

एवढं वाचवून घरात शिल्लक दिसते का? दिसते, पण थोडी. महिन्याचा हिशेब मी वहीत लिहिते. गाडीच्या रकान्यात तीन हजार कमी झाले, त्याच काळात मोठ्या मुलाच्या स्कूल व्हॅनचे पैसे वाढले, दूध वाढलं, आणि मार्केट यार्डातून धायरीपर्यंत भाजी आणणारा टेम्पो डिझेलवरच चालतो. भाजीवाल्या मावशी भाव सांगताना त्याचं भाडंही सांगतात. आपण आपली गाडी बदलू शकतो, त्या टेम्पोचं डिझेल मात्र आपल्याच पिशवीतून भरलं जातं. म्हणून गाडी बदलल्यावर घरखर्चातून मोठी रक्कम मोकळी होईल आणि तिच्यावर हप्ता निघेल, असं गणित मांडू नका. हप्ता पगारातून निघणार असेल तरच घ्या.

मला विचाराल तर हजार किलोमीटरच्या आसपास धावणं आणि घराजवळ पाइपलाइनचा पंप, या दोन्ही गोष्टी असतील तर जरूर घ्या. मी पुन्हा हीच घेईन. पंपचालकांना मात्र मनापासून एक विनंती आहे: गॅस आहे का आणि दाब किती आहे, हे सांगणारा फलक रस्त्यावरून दिसेल असा बाहेर लावा. रिक्षावाल्यांचा रोजचा तास त्याने वाचेल.