साफसफाईचा ठेका: राज्याच्या पोर्टलवर भरावा की जेमवर?

खानापूरकडच्या ओळखीतल्या एका पोराने परवा विचारलं, "काका, ईएमडीपुरतेच पैसे आहेत. केपीपीपीवरचं हॉस्टेलचं टेंडर भरू की जेमवरचं केंद्राच्या ऑफिसचं?" (ईएमडी म्हणजे टेंडरसोबत ठेवायची अनामत, केपीपीपी हे आपल्या कर्नाटक राज्याचं टेंडर पोर्टल, जेम केंद्राचं.) दोन्हीकडे मी हात पोळून घेतलेत, म्हणून लिहितोय. टोकन, टर्नओव्हर, अनुभवाचा दाखला वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच. खरा प्रश्न एकच असतो. कुणीतरी येऊन जमिनीच्याही खाली दर टाकला, तर पुढे काय करायचं?

रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिकांना सरकारने ठेकेदाराकडून काढून थेट पगारावर घ्यायला लागल्यापासून आपल्यासारख्यांना राज्याकडून उरली ती इस्पितळं, हॉस्टेलं आणि कचेऱ्या. पोस्ट, रेल्वे, कॅम्पातली केंद्राची ऑफिसं जेमवर. (राज्याच्या टेंडर कायद्याच्या कलम 4जी खाली टेंडरविना काम देण्याची सवलत असते, तिथं आपलं कामच नाही. फोन 5जी झाले तरी आमच्याकडे रेंज तीच.)

आधी एक हिशोब मांडू, म्हणजे भांडण कशाचं ते कळेल. किमान वेतन १०० रुपये धरा. मालकाचा पीएफ १३, ईएसआय (कामगारांचा विमा) ३.२५, बोनस ८.३३. झाले १२४.५८. पगार १५,००० च्या वर असेल तर पीएफ तेवढ्यावरच मोजता येतो, मग आकडा थोडा उतरतो. बदली कामगार, फिनेल, झाडू, गणवेश यात अजून आलेलेच नाहीत. तरीही राज्याच्या टेंडरला शंभराला एकशेदहाच्या हिशोबाने दर टाकणारे निघतात. अटींमध्ये 'किमान वेतन पाळावे' असं ठळक छापलेलं असतं, पण दराच्या रकान्याला वाचता येत नाही. तो कुठलाही आकडा गिळतो आणि तो गडी एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, होतो.

जेमवर हे होत नाही, हे कबूल केलंच पाहिजे. मॅनपॉवरच्या किमान वेतनाच्या बिडमध्ये पगार, पीएफ, ईएसआय ठरलेले असतात, आपण भरायचं ते फक्त सेवाशुल्क. पूर्वी लोक शून्य भरायचे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या खर्च विभागाने सांगितलं की शून्य भरलं तर बिड बाद. मग लोक एक पैसा भरू लागले. पुढे जेमवर खालची रेघच मारली, ३.८५ टक्के. कागदावर कामगाराचा पगार सुटला. नवख्या माणसाला हे सुरक्षित वाटतं, आणि ते चूकही नाही.

पण रेघ मारली की सगळे रेघेवरच येऊन उभे राहतात. एका बिडात मी उघडून बघितलं, तर खालपासून वरपर्यंत ३.८५, ३.८५, ३.८५. एकजण ३.९० वर होता, त्याची कीव आली. मग सिस्टिमच बरोबरीतल्यांतून एक नाव काढते. मी सात वेळा असा बरोबरीत आलो, एकदाही नाव निघालं नाही. बेळगावात मटका काय असतो ते सांगायला नको, पण मटक्यात निदान आकडा तरी आपण लावतो! इथं आकडाही ठरलेला.

माझं मन उडालं ते याच एका गोष्टीवरून. हरण्याची सवय आहे मला. पण सातव्या वेळी ऑफिसात फोन केला, तर पलीकडचे साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "आम्ही काहीच केलेलं नाही ओ, सिस्टिमने निवडलं." खरंच होतं ते. कुणी चुकलेलंच नाही, तर तक्रारीत लिहिणार काय? भांडायला माणूसच नाही.

शिवाय त्या ३.८५ मध्ये बसतं काय ते बघा. माझ्यासारख्या एकट्या मालकाच्या बिलातून आयकराचा टीडीएस एक टक्का, फर्म असेल तर दोन. जीएसटी लागतो तिथे त्याचेही दोन कापतात. ते पुढे वळते होतात, पण पगार सात तारखेला द्यायचा असतो आणि बिल कधी निघेल ते देव जाणे. मग हे ठेकेदार टिकतात कसे? पगाराच्या दिवशी संध्याकाळी एटीएमजवळ उभे राहा. बायकांच्या खात्यात पगार पूर्ण पडलेला असतो. मुकादमाच्या हातात रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा असतो. तो एकेक कार्ड घालतो, पैसे मोजतो, काही त्यांना देतो, काही खिशात घालतो. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही. मी दोन ठिकाणी पाहिलंय.

आता राज्याचं. इथे १९९९ चा पारदर्शकता कायदा आहे, केटीपीपी म्हणतात तो. त्याच्या कलम १६ खाली टेंडर मंजुरीच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. मी एकदाच केलं. एका तालुक्याच्या इस्पितळाचं काम होतं, चौदा माणसांचं. एल-वनचा दर एवढा खाली, की चौदांचा नुसता पगार धरला तरी पुरत नव्हता. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. कन्नड बोलतो, बाजारहाट, कचेरी सगळं त्यातच चालतं, पण लिहायला बसलो की धाप लागते. कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडून अपील करून घेतलं, चार पानं. जोडलं काय, तर वरचाच हिशोब, एका फुलस्केप कागदावर, ओळीखाली ओळ.

सुनावणीत साहेबांनी त्या गड्याला विचारलं, "दराची फोड द्या." त्याने दिली. चौदाऐवजी नऊ माणसं, बाकीचं 'स्वतःची यंत्रसामग्री'. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "यंत्र म्हणजे?" तो म्हणाला, "व्हॅक्यूम." सहा वॉर्ड आणि एक प्रसूती विभाग, एका व्हॅक्यूमवर! आदेश रद्द झाला, फेरटेंडर निघालं.

यातही काटे आहेत, ते लपवत नाही. ज्या ऑफिसविरुद्ध अपील करता, त्याच ऑफिसात तुमचं दुसरं बिल सहीसाठी पडलेलं असू शकतं. माझं होतं. ते सरकायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, योगायोग असेल. अपील लवकर केलं नाही आणि वर्क ऑर्डर निघून समोरच्याची माणसं झाडू घेऊन आत गेली, तर त्यांना बाहेर काढणं अवघड. अपिलातही हरलात तर धारवाडचं खंडपीठ आहे, ऐंशी किलोमीटरवर. पण टेंडरच्या मामल्यात कोर्ट दर बघत नाही, प्रक्रियेत काळंबेरं आहे का तेवढंच बघतं. चौदा माणसांच्या कामासाठी वकिलाची फी मला परवडणारी नाही, तुम्हाला परवडत असेल तर बघा.

म्हणून त्या पोराला मी सांगितलं ते असं: पदरी दोन महिन्यांचा पगार नसेल आणि भांडायचा स्वभाव नसेल, तर जेम भर, नशीब असेल तर लागेल. पण कन्नडमध्ये अर्ज करून घ्यायला माणूस असेल आणि हिशोबाचा कागद नीट मांडता येत असेल, तर मी तरी ईएमडी राज्याकडेच अडकवीन. माझा अनुभव एका अपिलाचा आहे, तेवढ्याच वजनाने घे.

फेरटेंडर मला नाही मिळालं, ते सांगायचं राहिलं. निपाणीच्या एका माणसाला गेलं, माझ्यापेक्षा महिन्याला नऊशे रुपये कमी. मी त्याच्याही दराची फोड मागून घेतली आणि रात्री पेन्सिल घेऊन बसलो. पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, बदली, फिनेल सगळं जागच्या जागी होतं. झाडू मात्र तो माझ्यापेक्षा स्वस्त कुठून आणतो, ते अजून विचारायचंय.