ईडीडीएचए लोह, चुनखडीची जमीन आणि मोसंबी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

कशाबद्दल लिहितोय ते आधी. ६ टक्के लोह असलेले ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून ते पाण्यात विरघळलेले ठेवणारे संयुग), बारीक दाणेदार, १ किलोची पिशवी. जमीन काळी, सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना १२ टक्के, माती तपासणीच्या डीटीपीए पद्धतीने उपलब्ध लोह ३.१ पीपीएम (४.५ च्या खाली कमतरता धरतात). रंगपूर लाइम खुंटावरची ८ वर्षांची मोसंबी, ६ बाय ६ मीटर, म्हणजे एकरी साधारण ११२ झाडे, ठिबकवर. वापर जानेवारीतल्या आंबिया बहरापासून ऑक्टोबरपर्यंत.

माल चांगला आहे, काम करतो, महाग आहे. आणि पुष्कळ बागांत विनाकारण ओतला जातो. का, ते कळायला एक हिशेब पुरेसा आहे.

एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ९ लाख किलो भरतो. बेसाल्टच्या काळ्या मातीत एकूण लोह ५ टक्के धरले, तर झाडांच्या पायाखाली ४५ टन लोह पडलेले आहे. आपण देतो किती? झाडामागे ३० ग्रॅम प्रमाणे एकरी ३.४ किलो चिलेट, म्हणजे जेमतेम २०० ग्रॅम लोह. ४५ टन असताना झाड पिवळे पडते आणि २०० ग्रॅमने हिरवे होते, याचा अर्थ इतकाच की जमिनीत लोहाची टंचाई नाही, वाहतुकीची टंचाई आहे. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळलेले फेरिक (गंजातले) लोह हजारपटीने कमी होते. ८.३ ला ते जवळजवळ सगळे गंजाच्या रूपात मातीला चिकटून बसलेले असते. चिलेट म्हणजे त्या गंजाच्या आणि मुळाच्या मधली होडी. खत म्हणून तिच्याकडे पाहिले की मात्रा चुकते, अपेक्षाही चुकते.

होडीतला माल उतरवून घेण्याचे काम मात्र मुळालाच करावे लागते, आणि विक्रेते नेमके हेच सांगत नाहीत. मोसंबी, संत्रा, द्राक्ष, भुईमूग, सोयाबीन या द्विदल वनस्पतींत मुळाच्या टोकामागचा कोवळा पांढरा भाग तीन गोष्टी करतो. प्रोटॉन बाहेर सोडून भोवतालचा सामू खाली आणतो. मग पृष्ठभागावरचे एक विकर चिलेटमधल्या फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे फेरस करते. फेरस होताच चिलेटची पकड सैल पडते, आणि आयआरटी१ नावाचा वाहक ते लोह आत ओढतो. रिकामे झालेले ईडीडीएचए बाहेरच राहते आणि जमिनीतले दुसरे लोह उचलून पुन्हा फेरी मारू शकते. २०० ग्रॅम पुरतात ते याचमुळे.

आयआरटी१ फारसा चोखंदळ नाही. लोहाच्या दारातून जस्त, मँगनीज, कोबाल्ट, इतकेच काय कॅडमियमही आत शिरते. म्हणून झाड हे दार सताड उघडे ठेवत नाही. लोहाची भूक असेल तेव्हाच हा वाहक तयार होतो, आणि इतर धातू जास्त आत येऊ लागले की तो मोडीत काढला जातो. मोकळे फेरस लोह पेशीत साठले तर त्यातून घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, त्यामुळे शिल्लक लोह फेरिटिन या प्रथिनात कोंडून ठेवले जाते. दुप्पट मात्रा टाकली म्हणून झाड दुप्पट लोह घेईल, असे होत नाही ते यामुळेच. ६० ग्रॅम दिलेल्या झाडांत आणि ३० ग्रॅमवाल्यांत डोळ्याला फरक दिसला नाही. खिशाला दिसला.

आता वापर. ३० ग्रॅमचे दोन हप्ते केले: १५ ग्रॅम ताण तोडल्यावर (बहरासाठी थांबवलेले पाणी पुन्हा सुरू केल्यावर) नवती डोकावू लागली तेव्हा, १५ ग्रॅम साधारण सहा आठवड्यांनी. एकदम देऊ नये. हे चिलेट मातीला फारसे चिकटत नाही, जास्त पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. ठिबकमधून सोडताना आधी साधे पाणी, जमीन ओली होईपर्यंत. मग १ किलो चिलेट ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून व्हेंचुरीतून (ठिबकात द्रावण ओढणारे साधन). फार घट्ट द्रावण केले तर तळाशी गाळ राहतो आणि व्हेंचुरीची जाळी तुंबते. शेवटी फक्त १५ ते २० मिनिटे साधे पाणी, लॅटरल धुण्यापुरते. सवयीने तासभर पाणी चालू ठेवले की माल मुळांच्या खाली गेला समजा. द्रावण त्याच दिवशी आणि शक्यतो संध्याकाळी संपवावे. उन्हात ईडीडीएचए तुटते, पारदर्शक ड्रममध्ये ठेवले तर लवकरच. पानांवर फवारायचा हा पदार्थ नव्हे, तेही याच कारणाने.

ठिबक साफ करायला ज्या दिवशी फॉस्फोरिक आम्ल सोडता त्या दिवशी हे सोडू नका. सामू फार खाली गेला की चिलेट टिकत नाही, साका बसतो. मोरचूदही सोबत नको, तांबे लोहाला ढकलून जागा घेते. हातमोजे घाला. हात, फरशी, बनियन, जिथे लागेल तिथे लाल डाग पडतो आणि साबणाला दाद देत नाही. (पिशवीवर ही सूचना असते, पण ती वाचण्याआधीच हात लाल झालेले असतात.)

परिणाम नव्या पालवीत दोन-अडीच आठवड्यांत दिसला. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी जी नवी पाने येत होती, ती पूर्ण हिरवी येऊ लागली. आधी पिवळी पडलेली पाने काही प्रमाणात सावरली. पांढुरकी झालेली सावरली नाहीत. लोह जुन्या पानांतून नव्यांकडे सहजी सरकत नाही, म्हणून लक्षण नेहमी शेंड्यालाच आणि निकालही शेंड्यालाच पाहायचा. जुनी, खालची पाने पिवळी असतील तर तो मॅग्नेशियमचा किंवा नत्राचा मामला आहे, तिथे लोह ओतून काही होत नाही. पाने बारीक, अरुंद, शेंड्याला गुच्छ झालेला, तर जस्त. आणि पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा नसेल, ठिपक्याठिपक्यांचा असेल, तर ग्रीनिंग रोगाची शंका घ्यावी. लोहाचा पिवळेपणा दोन्ही बाजूंना आरशासारखा सारखा असतो.

पानांचा अहवाल वाचताना फसगत होते. पिवळ्या पानात एकूण लोह कधीकधी हिरव्या पानाइतके, क्वचित जास्तही निघते. ते पानात पोचलेले असते, पण कामात नसते. शिवाय पान वाढायचे थांबले की तेवढेच लोह कमी वजनात मोजले जाते. म्हणून ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिनने मोजलेले 'सक्रिय लोह' करून देणारी प्रयोगशाळा मिळाली तर तेच करावे. नाही तर शेंड्याच्या चार पानांवर हिराकसाच्या (फेरस सल्फेट) सौम्य द्रावणाचा बोळा फिरवा आणि दहा दिवसांनी बघा. हिरवे ठिपके उमटले तर निदान पक्के.

जूनपर्यंत बाग छान होती. जुलैच्या झडीत पाणी साचलेल्या सखल भागातली झाडे पुन्हा पिवळी पडली, आणि हा मालाचा दोष नाही. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की मुळांचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढते, आणि मुळाने सोडलेले प्रोटॉन ते बायकार्बोनेट गिळून टाकते. होडी किनाऱ्याला उभी, पण माल उतरवणारा हमालच बेशुद्ध. अशा वेळी आणखी चिलेट देणे म्हणजे पैसे पाटात सोडणे. चर काढून पाणी वाहते केले, वाफसा आला, पांढरी मुळी फुटली, त्यानंतर १० ग्रॅमची आळवणी (आळ्यात द्रावण ओतणे) पुरली. आळ्यातली मूठभर माती उकरून पांढरी मुळी दिसत नसेल, किंवा बुंध्याशी डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) असेल, तर पिशवी उघडूच नये. विहिरीच्या पाण्यातले बायकार्बोनेटही हेच काम करते, फक्त सावकाश आणि वर्षभर.

ईडीटीए या दुसऱ्या चिलेटशी तुलना नेहमी विचारली जाते. त्यात लोह १२ टक्के, म्हणजे किलोला १२० ग्रॅम, इथे ६०. भाव तिकडे कमी. पण ईडीटीए सामू साडेसहाच्या पुढे लोह धरून ठेवू शकत नाही, चुनखडीत कॅल्शियम त्याची जागा घेते आणि लोहाचा पुन्हा गंज होतो. म्हणून ईडीटीए फवारणीला ठीक, आमच्यासारख्या जमिनीत ठिबकमधून निरर्थक. हिराकसात १९ टक्के लोह आणि भाव नगण्य. चुनखडीच्या मातीत नुसते फेकले तर वाया. १० पट शेणखतात ८-१० दिवस मुरवून दिले तर काही हाती लागते. फवारणीला लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, द्रावण ताजे हिरवट असतानाच. तांबूस झाले की ओतून द्या.

उसाच्या केवड्यासाठी (लोहाअभावी पाने पिवळी-पांढरी पडणे) ईडीडीएचए घेणाऱ्यांनी थोडे थांबावे. ऊस, मका, ज्वारी ही गवतकुळी, त्यांची रीत निराळी. ती मुळांतून स्वतःच लोह पकडणारी द्रव्ये सोडतात आणि लोहासकट ती परत शोषून घेतात. ईडीडीएचएची पकड इतकी घट्ट असते की या द्रव्यांना त्यातून लोह सोडवून घेणे जड जाते. उसाला मुरवलेले हिराकस आणि वरून फवारणी हाच स्वस्त मार्ग. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत तर हा पदार्थ नेण्याचे कारणच नाही. तिथे भातखाचरात उलटा त्रास होतो, लोह जास्त होऊन पाने तपकिरी पडतात.

गंधक टाकून सामूच खाली आणा, असा सल्ला मिळतो. १ टक्का मुक्त चुना म्हणजे त्या थरात एकरी ९ टन चुना. तेवढा मुरवायला जवळपास ३ टन गंधक लागेल. १२ टक्क्यांचा गुणाकार ज्याने त्याने करावा. ड्रिपरखालच्या मुठीएवढ्या जागेत फरक पडतो, शेतात नाही.

एक तोटा खरा आहे. लोह भरपूर मिळू लागले की मँगनीज कमी घेतले जाते. सप्टेंबरच्या पालवीत फिकट, पुसट जाळी दिसू लागली ती लोहाची नव्हती, मँगनीजची होती. लोहाचे प्रमाण वाढवण्याऐवजी मँगनीज सल्फेटची फवारणी केली, तेव्हा ती गेली.

खरेदी करताना '६ टक्के लोह' एवढ्यावर जाऊ नका. त्यातले ऑर्थो-ऑर्थो रूपात (ईडीडीएचएच्या सर्वांत घट्ट पकडीच्या रूपात) किती, ते महत्त्वाचे, ४.८ लिहिलेला माल चुनखडीत टिकतो. ऑर्थो-पॅरा लवकर काम करते आणि लवकर संपते. पिशवीवर हा आकडाच नसेल तर ठेवून द्या. रंगावर जाऊ नका, हलका मालही तितकाच लाल असतो. ढोबळ चाचणी अशी: आपल्याच शेतातली माती काचेच्या बाटलीत पाण्यासह घ्या, चिमूटभर चिलेट टाका, हलवा, अंधारात दोन दिवस ठेवा. वरचे पाणी लालच राहिले तर ठीक. फिके झाले तर रंग मातीला बसला, म्हणजे लोहही तिथेच गेले. बरोबर बाजूला ईडीटीएची बाटली ठेवा, फरक समजतो.

पुढच्या बहराला सरसकट एकरभर सोडणार नाही. ऑक्टोबरच्या पालवीत जी झाडे पिवळी दिसली त्यांना फिती बांधल्या आहेत, आळवणी फक्त त्यांनाच. ३० ग्रॅमप्रमाणे १ किलोत ३३ झाडे होतात.