पाण्याचा व्हिडिओ बघून घेतलेलं विंडचीटर

जाकिटावर ग्लासभर पाणी ओतलं, थेंब घरंगळून खाली पडले, आत ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडाच राहिला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. एवढ्यावर अमरावती जिल्ह्यातल्या परतवाडा-अचलपूरकडच्या सायकलवाल्या पोरांनी चौदा विंडचीटरची एकगठ्ठा ऑर्डर दिली. दर १,२४९ रुपये, एकूण १७,४८६. निम्मे, म्हणजे ८,७४३, आगाऊ यूपीआयने आणि उरलेले पार्सल सोडवताना. जाहिरातीत लिहिलं होतं: वजन ११० ग्रॅम, २० डी नायलॉन रिपस्टॉप, विंडप्रूफ, वॉटरप्रूफ, ब्रीदेबल, स्वतःच्याच खिशात मावणारं, एक्स्पोर्ट सरप्लस (निर्यातीतून उरलेला माल). ‘विंडचीटर’ या नावातच चीटर आहे, हा विनोद चौदाही जणांकडून ऐकून झाला आहे, तेव्हा तो इथे नको.

माल आला दिवाळीच्या आठवड्यात. परत करायची मुदत सात दिवस. आपल्याकडे खरी थंडी सुरू होते दिवाळीनंतर, आणि पहाटेचा घाट झोंबायला लागतो डिसेंबरात. घरी अंगात घालून बघितलं तर सगळ्यांनाच आवडलं. दोष कळला तोवर मुदत कधीच संपली होती.

खरी गोम त्या पाण्यातच होती. आपल्या भागात जाकीट म्हटलं की पहिली परीक्षा पाण्याची, कारण आपण ते पावसाळ्यासाठी घ्यायला शिकलो. डोंगरातल्या सायकलसाठी लागतं ते वाऱ्याचं जाकीट, आणि त्याचं काम अगदी वेगळं. परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर. सायकल वर चढवताना वेग असतो ताशी आठ-दहा किलोमीटर, आणि त्या कष्टात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. वर पोचता तेव्हा बनियन पिळून काढण्यासारखं झालेलं असतं. मग उतार. हवा १० अंश असेल आणि सायकल ताशी ४० ने सुटली, तर कोरड्या कातडीलासुद्धा ती ६ अंशांसारखी लागते. ओल्या अंगाची गोष्ट त्याहून वाईट, कारण घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो.

म्हणून जाकिटाने वारा बराचसा अडवायचा, पण घामाची वाफ बाहेर सोडायची. ही दोन्ही कामं एकच कापड करतं ते विणीच्या जोरावर. बारीक धागा, घट्ट वीण, आणि वरून तापलेल्या रुळांखालून दाबून काढलेलं कापड, म्हणजे धाग्यांमधली भोकं जवळजवळ मिटतात पण पूर्ण बुजत नाहीत. पाणी मात्र शंभर टक्के अडवायचं असेल तर स्वस्तातला उपाय एकच: आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप. लेप दिला की भोकं बुजली. वारा शून्य, पाणी शून्य, आणि वाफही आतच. चिखलदऱ्याहून खाली येताना घाट काही सरळ घसरगुंडी नाही. मधेमधे सपाट आणि चढाचे तुकडे येतात, पाय मारावे लागतात. प्रत्येक तुकड्यात आत वाफेचं पाणी होतं, गार पडलेलं कापड ओल्या बाह्यांना चिकटतं, आणि खाली चहाच्या टपरीवर चेन उघडली की कोणीतरी विचारतंच, ‘काऊन रे, रस्त्यात पाऊस होता का?’

म्हणजे त्या व्हिडिओत खोटं काहीच नव्हतं. पाणी खरंच अडत होतं. फक्त ज्या गुणाची परीक्षा दाखवली, तो गुण या जाकिटात असायलाच नको होता. उरलेली फसवणूक त्या आडोशाला उभी होती.

आधी वजन. सोनाराच्या काट्यावर एक जाकीट ठेवलं: २३८ ग्रॅम. जाहिरातीतल्या फोटोत काटा ११० दाखवत होता, पण त्या फोटोत काट्याचा वरचा अर्धाच भाग दिसतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी काहीतरी ठेवून ‘टेअर’ (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबलं की पुढचा आकडा हवा तेवढा कमी करता येतो. हा आकडा बोटांवरच्या हिशेबानेही पडताळता येतो. मध्यम मापाच्या जाकिटाला अंदाजे दोन चौरस मीटर कापड लागतं. २० डेनिअरचं (जाहिरातीतलं ‘२० डी’) चांगलं नायलॉन चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅम भरतं. म्हणजे कापड ७०-८० ग्रॅम, वर चेन, इलॅस्टिक, दोरा धरून शंभर-सव्वाशेत जाकीट व्हायला हवं. दोनशेच्या पुढे गेलं की एकतर कापड जाड आहे, नाहीतर आत जाळीचं अस्तर आहे, नाहीतर दोन्ही. या मालात दोन्ही होतं.

कापडाची कबुली त्याच्याच आतल्या पट्टीवर सापडली. बाहेरच्या चकचकीत टॅगवर ‘२० डी’, आणि कमरेच्या शिलाईतल्या धुलाईच्या चिंधीवर ‘१९० टी पॉलिस्टर’. हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि इथेच पुष्कळ जण गंडतात. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा लहान तितका धागा बारीक. टी म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे मिळून धागे. १९० टी हे छत्र्या, बॅगांची अस्तरं आणि स्वस्त रेनकोट यांचं नेहमीचं कापड. त्याचा धागा साधारण ६० ते ७० डेनिअरचा असतो. पेठेत यालाच सरसकट पॅराशूट कापड म्हणतात. वाईट नाही ते, पण ते २० डी नव्हे.

रिपस्टॉपची चौकट तर चक्क छापलेली होती. खऱ्या रिपस्टॉपमध्ये दर काही मिलिमीटरला एक जाड धागा विणलेला असतो, म्हणजे फाटायला लागलं तर चीर तिथे थांबावी. उजेडाकडे धरलं की चौकटी दोन्ही बाजूंनी दिसतात आणि नखाने आडवं खाजवलं की खडबड लागते. छापलेल्या चौकटी फक्त एका बाजूला. आमच्याकडे पांदणीतून जाताना बाभळीचा किंवा बोरीचा काटा बाहीला लागणारच. खऱ्या विणीत बोटाएवढं भोक पडून राहतं, या कापडात चीर कोपरापासून मनगटापर्यंत गेली. याच कारणाने १० डीच्या, ७० ग्रॅमच्या जाकिटाचा मोह आम्ही इथे कोणाला करू देत नाही. ते उघड्या माळावरच्या आणि डांबरी रस्त्यावरच्या माणसासाठी. झाडोऱ्यातून जाणाऱ्याने २० डीच घ्यावं, तीस ग्रॅम जास्त वाहावेत.

नायलॉन की पॉलिस्टर, हे दोरा जाळून कळतं. आतल्या शिलाईच्या वाढीव कापडातला एक धागा चिमट्यात धरून उघड्यावर पेटवा. पॉलिस्टर काळा, काजळीचा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. नायलॉनचा मणी राखाडी-तपकिरी राहतो. हे विकत घेतल्यानंतरचं काम; दुकानात काडी काढून उभं राहू नका.

सगळ्यात निर्लज्ज तुकडा पाठीवर होता. खांद्याखाली आडवी झालर, जशी हवा खेळायला ठेवतात तशी, खाली जाळी असल्याचा देखावा. झालर उचलून बघितली तर मागचं कापड अखंड. जाळीचा पट्टा वरून शिवलेला, त्यामागे लेप दिलेलं कापड तसंच. घाम जायला वाट ठेवायची सोडून वाटेचं चित्र काढून ठेवलं होतं. काखेत तीच कथा: सहा-सहा भोकांना धातूच्या कड्या, आणि आत त्यांवर अस्तराची पट्टी. झालर उचलायला, काखेत बोट घालायला पाच सेकंद लागतात. करत मात्र कोणीच नाही.

चेन साधी, एका बाजूनेच पकडता येणारी. स्वतःच्या खिशात मावणाऱ्या जाकिटाच्या त्या खिशाला दोन्ही बाजूंनी पकड असलेला धावक (चेनचा स्लायडर) लागतो, कारण खिसा उलटा केला की आतली बाजू बाहेर येते. एकच पकड असेल तर ती आत गडप होते आणि पुडकं बंदच करता येत नाही. इथे पुडकं बंद होत नव्हतं म्हणून वेगळी पिशवी दिली होती, आणि ‘पिशवी फ्री’ असं वर लिहिलं होतं. चंदेरी पट्टीही नुसता रंग. खरी परावर्तक पट्टी तपासायची तर अंधारात दहा पावलांवर जाकीट टांगा, मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि बघा. ती पेटल्यासारखी पांढरी दिसते. रंग राखाडीच राहतो. परतवाड्याच्या रस्त्यावर पहाटे संत्र्याचे ट्रक असतात, हे ज्याला माहीत आहे त्याला ही पट्टी शोभेची वाटणार नाही.

आता दुकानात जाकीट हातात असताना काय करायचं. कापड ओठांवर घट्ट धरा, जोरात फुंका, दुसऱ्या बाजूला तळहात. अजिबात हवा आली नाही तर लेप आहे, ठेवून द्या. सहज आली तर घाटात उपयोग नाही. गाल फुगवून जोर लावल्यावर तळहाताला जेमतेम गार लागलं, ते कापड घ्या. परदेशी मालावर कधीकधी ‘सीएफएम’ असा आकडा असतो, म्हणजे ठरावीक दाबाखाली एक चौरस फूट कापडातून मिनिटाला किती घनफूट हवा जाते. शून्य ते एक म्हणजे आत चिकटवलेला पातळ पडदा किंवा लेप. लेप न दिलेली चांगली वाऱ्याची जाकिटं पाच ते पस्तीसच्या दरम्यान बसतात. चढउताराच्या रस्त्याला मधला आकडा बरा.

घरी करायची दुसरी परीक्षा वाफेची. स्टीलच्या पेल्यात कडक गरम पाणी, तोंडावर कापडाचा एकेरी भाग रबर लावून ताणलेला, वर थंड वाटी उपडी. दोन-तीन मिनिटांत वाटी आतून धूसर झाली की वाफ निघते आहे. वाटी कोरडी आणि कापडाची खालची बाजू थेंबांनी भरलेली, म्हणजे तुमच्या पाठीचंही तेच होणार. या चौदांपैकी एकाचीही वाटी धूसर झाली नाही. पाण्याचं म्हणाल तर चांगल्या विंडचीटरवरही थेंब घरंगळतात, पण ते वरून दिलेल्या, पाणी झटकणाऱ्या हलक्या प्रक्रियेमुळे. थेंबावर अंगठा रगडला की पाणी आत उतरतं, आणि उतरायलाच हवं. भुरभुर सोसेल, विदर्भातला आषाढ नाही.

माप उभं राहून बघू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पुढे वाकून बसा, हात हँडल धरल्यासारखे लांब करा. मनगट उघडं पडता कामा नये, आणि मागची कड पुढच्यापेक्षा निदान चार बोटं खाली हवी, नाहीतर कमरेला वारा लागतो. छातीवर मूठभर कापड हातात आलं तर एक माप लहान घ्या. सैल जाकीट ताशी चाळीसला ताडपत्रीसारखं फडफडतं. टोपी हेल्मेटच्या आत बसणारी असावी किंवा नसावीच.

पैशांच्या बाजूने फसवणूक तीन ठिकाणी झाली. पक्कं बिल म्हणून आलेल्या फोटोत जीएसटी क्रमांक चौदा अक्षरांचा होता. तो पंधराच असतो; पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढचे दहा पॅन. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचं नाव फुकटात दिसतं. दुसरं, टॅगवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता काहीच नव्हतं, नुसतं ‘प्रीमियम क्वालिटी’. ‘सरप्लस मालावर नाव नसतंच भाऊ,’ असं उत्तर मिळालं. ज्याच्यावर नाव नाही त्याची तक्रार कोणाकडे नेणार?

तिसरं सगळ्यात महाग पडलं. परताव्यासाठी तगादा लावल्यावर समोरून क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. एकाने टाकला आणि आणखी २,४९८ रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे पाठवायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. असं झालं तर त्याच तासात १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा; रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे परतवाड्याच्या माणसाला अमरावती पुरे. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची नोंद, पार्सल फोडतानाचा न तोडलेला व्हिडिओ आणि काट्यावरचा फोटो ठेवा. पेज बंद होण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचे असतात, हे चौदांपैकी दोघांनाच सुचलं होतं.

चांगलं जाकीट मिळालं तरी ते उन्हाळाभर पुडक्यात दाबून टिनाच्या घरात ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा इलॅस्टिक मरतं, आणि लेपवालं असेल तर लेप चिकट होऊन पापुद्रे सुटतात. खुंटीला सैल टांगा, धुताना मऊपणाचं औषध (फॅब्रिक सॉफ्टनर) टाकू नका. हातातली ती चौदा जाकिटं फेकायची गरज नाही. दुचाकीवर माणूस घामाघूम होत नाही, तिथे ती चालतील.

आणि योग्य जाकीट येईपर्यंत रस्त्यावरच्या सायकल शर्यतींतला जुना उपाय आहे. घाटमाथ्यावर चहावाल्याकडून कालच्या वर्तमानपत्राची दोन पानं घ्या, चौघडी करा, बनियन आणि सदऱ्याच्या मधे छातीवर सरकवा. वारा अडतो, घाम कागद पितो, आणि धामणगाव गढीला उतरेपर्यंत त्याचा लगदा होतो.